डावे हातमोजे

अकराच भाग झाले.
बारावा लिहिला होता म्हणतात,
चित्रीकरण झालंच नाही.

थंडर बेमध्ये त्या हिवाळ्यात उणे एकतीस होतं
आणि आम्ही दर गुरुवारी साडेआठला
गुडघ्यांवर रजया ओढून बसायचो
त्या बस डेपोसमोर. टीव्हीतल्या.

'सापडल्यास कळवा'.
हरवलेल्या वस्तूंचं ऑफिस, एक खिडकी, एक घंटा,
मागे मिस्टर पिल्सवर्थ,
कुणाची कुठलीच वस्तू परत द्यायला नाखूश.
छत्री मागितली तर विचारायचा,
"तिच्याशी तुम्ही कसे वागत होता?"

हे वाक्य आमच्यात अजून चालतं.
ओस्ताप ह्नात्युकची बायको घर सोडून गेली,
तो वकिलाकडून परतला,
आम्ही सगळे कॉफीत बघत बसलेलो,
तर तोच म्हणाला, "विचारा की.
तिच्याशी तुम्ही कसे वागत होता?"
आणि हसला. त्या महिन्यात पहिल्यांदा.

मग कुठे माशी शिंकली कोण जाणे.
गुरुवारची शनिवारवर ढकलली, हॉकीच्या तोंडी.
मग रात्री अकराला.
मग एका आठवड्यात तिच्या जागी
माशांना धुरी कशी द्यावी, याचा कार्यक्रम.

रौहा लेहतिनेन शाळेत ग्रंथपाल,
जन्मात कुणावर आवाज चढवला नव्हता.
तिने टोरांटोला पत्र लिहिलं, नऊ पानी.
उत्तर आलं. छापील, दीड ओळ.

हातमोज्यांची कल्पना डेल्फीनची.
पिल्सवर्थच्या मागच्या फळीवर एक खोकं असायचं,
वर खडूने लिहिलेलं: 'डावे'.
अकरा भागांत एकदाही उघडलं नाही.
आम्ही चॅनेलला डावे हातमोजे पाठवले,
लोकरीचे, कातडी, लहान मुलांचे नाडीसकट,
एक बॉक्सिंगचा.
तीनशे बारा. मीच मोजले, टपालखात्यात होतो.
तो हिवाळा संपेपर्यंत अर्धं गाव
डावा हात खिशात खुपसून हिंडत होतं.

उपयोग शून्य.

शेवटचा भाग संपतो तो असा:
दिवा घालवलेला, पिल्सवर्थ टोपी चढवतोय,
आणि फोन वाजतो. अकरा भागांत पहिल्यांदाच.
तो उचलतो. "हॅलो?"
आणि नावं सरकू लागतात.

टेपवर त्या जागी पांढऱ्या रेघा आल्यात,
इतक्यांदा मागेपुढे केलंय आम्ही.
डेल्फीन म्हणते, त्याची मुलगी असणार.
ओस्ताप म्हणतो, पोलीस.
रौहा म्हणायची, राँग नंबर,
पण तो ठेवू देणार नाही समोरच्याला.
रौहा आता नाही. तिची खुर्ची आम्ही मांडतो.
कुणी न्यायला आलंच तर काय विचारायचं, ठरलेलं आहे.

गेल्या फेब्रुवारीत तो आला.
खराखुरा, लायल प्रेंडरगास्ट,
रेजायनाला खिडक्यांच्या काचा विकतो,
पोट सुटलंय, आवाज तोच.
चर्चच्या तळघरात आम्ही सात जण, पॅनकेक, कॉफी.
बसायला त्याला रौहाची खुर्ची दिली.
संवाद त्याला आठवेनात.
आम्हीच पुरवले, कुजबुजत,
शाळेच्या नाटकात बाई पडद्याआडून पुरवतात तसे.
"हे मी म्हणायचो?" तो म्हणाला.
"बरं होतं की."

निघताना, एक हात कोटात, एक बाहेर,
तोच आम्हाला विचारतो,
"फोनवर कोण होतं हो?
मला कुणी सांगितलंच नाही.
दिग्दर्शक म्हणाला, नुसतं हॅलो म्हण,
पण असं, की सकाळपासून
कुणीतरी विचारेल म्हणून थांबलायस."

कुणीच काही बोललं नाही.
कॉफीचं यंत्र गुरगुरत होतं.

तो गेल्यावर खुर्चीवर एक हातमोजा निघाला.
करडा, अंगठ्याला रफू.
उजवा.

त्याचा नंबर आहे माझ्याकडे,
पावतीच्या पाठीवर, त्यानेच लिहून दिलेला.
वर्ष होत आलं.
अजून कुणी फोन केलेला नाही.